बराकीमागचा शंख

सकाळी मेथी निवडत बसले होते आणि फोन वाजला. पलीकडे रुकी होती. रुकी म्हणजे रुक्मिणी. उल्हासनगरच्या छावणीतल्या शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा माझ्या पहिल्याच वर्गात बसलेली मुलगी. आज ती स्वतः आजी आहे, तरी मला अजून ‘टीचर’च म्हणते. “टीचर, नलिनीटीचर गेल्या. झोपेतच गेल्या,” एवढंच ती बोलली. मग फोन आधी कुणी ठेवायचा, ते दोघींनाही कळेना.

त्याला आता सहा-सात आठवडे होऊन गेले. नलूने, म्हणजे नलिनीने, मुलांसाठी बांधलेल्या खेळाच्या बागा पुष्कळांना ठाऊक आहेत. तिच्या सुरवंटाच्या पोटातून रांगत गेलेली, तिच्या कमळाच्या पानांवरून उड्या मारलेली मुलं आता साठीला आली आणि नातवंडांना घेऊन त्याच बागांत जाऊन बसतात. ती गेल्यावर वर्तमानपत्रांतून जे आलं ते चांगलंच आलं. तिची कामं, तिचे सत्कार, सगळं. पण या सगळ्याची सुरुवात कुठून झाली, ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं फार उरली नाहीत. मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

चाळीसचं दशक संपत आलं होतं. लढाईच्या दिवसांत कल्याणजवळ बांधलेली लष्करी छावणी रिकामी झाली होती आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या लांबच लांब बराकींत राहत होती. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये भिंत म्हणून गोणपाटाचा पडदा. मी बदलापूरजवळच्या कुळगावची. आमची भातशेती, घरात मॅट्रिक झालेली मी पहिलीच. छावणीच्या शाळेला मराठी शिकवणारी बाई हवी आहे असं कळलं आणि वडिलांच्या मागे लागून लागून मी ती नोकरी पत्करली. बदलापूरहून गाडीने अंबरनाथला यायचं आणि तिथून पायी छावणीच्या टोकाच्या बराकींकडे जायचं. पहिल्याच दिवशी स्टेशनाबाहेर पाचवारी साडी घट्ट खोचलेली एक मुलगी सायकल धरून उभी होती. येणारे-जाणारे तिच्याकडे वळून बघत होते आणि ती मात्र एका भिंतीवर चढलेल्या वेलीकडे बघत होती. “तुम्ही नव्या बाई ना? मी चित्रकला शिकवते. चला, बरोबरच जाऊ,” असं म्हणून तिने माझी पिशवी सायकलला अडकवली. ती नलिनी. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि ही मुंबईहून चित्रकला शिकून आलेली. आठवड्याभरात ती माझी नलू झाली आणि मी तिची शांते.

तिच्याबरोबर चालणं म्हणजे थांबणंच जास्त. सायकल हाताने ढकलत ती माझ्या सोबतीने यायची खरी, पण वाटेत शिरीषाची वाळलेली शेंग दिसली की ती कानाशी हलवून वाजवायची, कोळ्याचं जाळं दिसलं की त्याच्या दोऱ्या कुठे कुठे बांधल्यात ते वाकून बघायची. पहिल्या तासाला उशीर होईल म्हणून मी कुरकुरायचे. ती म्हणायची, “अगं, कसं केलंय ते तरी बघू दे.” सुंदर आहे असं तिने क्वचितच म्हटलं असेल. कसं केलंय, हाच तिचा प्रश्न. सावरीचं बोंड, मधमाश्यांनी सोडून दिलेलं पोळं, सापाची कात, असला सगळा ऐवज पुढच्या टोपलीत भरून आम्ही शाळेत पोचायचो आणि मुलं टोपलीभोवती गोळा व्हायची.

मुलांबद्दल सांगायला हवं. ती शांत होती. शिक्षिकेला सोयीची वाटावी इतकी शांत, आणि म्हणूनच आम्हाला भीती वाटायची. एकदा नलूने वर्गाला घर काढायला सांगितलं. पाट्या गोळा केल्या तर जवळजवळ प्रत्येकीवर एक लांब आडवा चौकोन आणि त्यावर बराकीचा नंबर. रुकीची पाटी मात्र कोरी. ती तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. छावणीत आल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती. वडील मागून येतो म्हणाले होते, ते आलेच नाहीत. आई, आजोबा आणि ती, एवढीच मंडळी. नलू तिच्याजवळ जमिनीवर बसली. टोपलीतून भाताच्या खाचरात सापडलेला एक गोगलगाईचा शंख काढून तिने रुकीच्या तळहातावर ठेवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, “ये भी घर है. जिसका है, वो खुद बनाता है.” रुकीने तो बराच वेळ फिरवून पाहिला. मग अगदी हळू आवाजात, पण स्पष्ट, तिने विचारलं, “इसमें मैं जा सकती हूँ?”

वर्गातली सगळी मुलं वळून बघायला लागली. नलूने एक क्षणही न थांबता सांगितलं, “जा सकती हो. मैं बनाऊँगी.”

घरी जाताना मी तिला म्हटलं, “लहान पोरीला असं काहीतरी कबूल करू नये, नलू.” ती म्हणाली, “काहीतरी कुठे? मी खरंच बांधणार आहे.” आणि त्या दिवसापासून तिने वर्गात एक गोष्ट सांगायला घेतली. एका राजकन्येचा महाल नाहीसा होतो. चालत चालत ती नदीकाठी येते, तिथे एक गोगलगाय तिला आपल्या घरात बोलावते. राजकन्या म्हणते, मी कशी मावणार? गोगलगाय म्हणते, तू ये तर खरी. माझं घर आत जावं तसं मोठं होत जातं. पहिल्या वळणावर नदी, दुसऱ्या वळणावर बाजार, तिसऱ्यावर झाडं... रोज एक वळण. गोष्ट संपतच नसे. पुढच्या वळणावर काय असेल ते मुलांनीच सांगायचं, असा नियम. सिंधूच्या पाण्यातला पल्ला मासा आला, उंट आले, कुणाच्या तरी मागे राहिलेल्या घरातला हिंदोरो आला, म्हणजे त्यांच्याकडचा मोठा लाकडी झोपाळा. जे जे मागे राहिलं होतं ते एकेक करून शंखात येऊन बसलं.

एक दिवस शाळेच्या दारात पांढऱ्या दाढीचा, अंगाने भक्कम असा म्हातारा येऊन उभा राहिला. रुकीचे आजोबा, मंघूमल. सिंधमध्ये शिकारपूरकडे त्यांनी आयुष्यभर इमारती बांधल्या होत्या. इथे आल्यावर हाताला काम नव्हतं. “शंखवाली टीचर कौन है?” त्यांनी विचारलं. आम्हाला वाटलं, तक्रार आहे. त्यांनी आधी तसंच सुनावलंही, “बाई, यहाँ छत टपकती है, पानी के लिए लाइन लगती है. और आप बच्चों को शंख का घर बताती हो.”  मग त्यांचा आवाज बदलला. “कल शाम को बच्ची ने पूरी बराक को बिठाकर कहानी सुनाई. पूरी कहानी...” मग बाह्या सरसावत ते म्हणाले, “क्या बनाना है, दिखाओ.”

बराकींच्या मागे एक मोकळं मैदान होतं. लष्कराने टाकून दिलेले पत्र्याचे ड्रम, तारांची मोठमोठी लाकडी रिळं, मोडक्या स्वयंपाकघरांच्या विटा आणि बाटल्यांचा ढीग तिथे पडलेला. नलूला ती जागा हवी होती. छावणीच्या व्यवस्थापक साहेबांना तिथे गोदाम बांधायचं होतं. आम्ही दोघी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिलो. साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. हजारो माणसांच्या पाण्याची आणि धान्याची काळजी एका टेबलावर घेऊन बसलेला माणूस. “गोदामाचं काम सुरू होईपर्यंत मैदान वापरा,” ते म्हणाले, “पण कुणा मुलाला खरचटलं जरी, तरी मी ते सगळं पाडून टाकीन.”

मग रविवार सुरू झाले. नलूने मातीचा शंख करून आणला, मंघूमलकाकांनी त्यावरून जमिनीवर चुन्याने आखणी केली. बायका विटा वाहायच्या, पुरुष चुना मळायचे, मुलं बाटल्या धुवायची. दारं उघडून माणसं बाहेर आली होती आणि एकमेकांशी बोलत होती. भिंती गोल गोल फिरत वर आल्या, वरून विटांचं छत घुमटासारखं चढवलं. आणि खालचा लाकडी आधार काढायला घेतला त्या संध्याकाळी ते छत आवाज करत मधोमध खाली बसलं. काकांनी आधीच सगळ्यांना लांब उभं केलं होतं, त्यामुळे कुणाला धक्का लागला नाही. पण धुरळा बसल्यावर सगळ्यांच्या नजरा नलूकडे वळल्या... तिच्या पदरावर, केसांवर चुना, आणि ती त्या भोकाकडे बघत उभी. रुकी तिच्या शेजारी. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा निरोप आला की काम बंद.

घरीही काही बरं चाललं नव्हतं. तिच्या वडिलांना, आप्पांना, हे सगळं पोरखेळ वाटत होतं. मुलगी शिकली, चार दिवस नोकरी केली, आता तिचं लग्न करायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. पाहुणे बघायला येणार होते. त्या आठवड्यात मी तिची विचारपूस करायला बंगल्यावर गेले, तर नलू जेवणाच्या टेबलावर गोगलगाईचा शंख चिमट्यात धरून लोखंड कापायच्या बारीक करवतीने उभा चिरायला बघत होती. दोन शंख फुटून पडले होते. आप्पा ताटावर बसले होते. रागावलेले, न बोलता जेवणारे. तिसरा शंखही तडकला तेव्हा ते उठले, हात धुतले, आणि तिच्या हातातून करवत काढून घेत म्हणाले, “अशी धरत नाहीत.” त्यांनी तो शंख ओल्या फडक्यात धरला, पाण्याचा थेंब टाकत टाकत सावकाश चिरला आणि दोन्ही अर्धुकं टेबलावर उताणी ठेवली.

मी तो क्षण विसरलेले नाही. शंखाच्या आत, बाहेरून कधीच न दिसणारा, तळापासून टोकापर्यंत गेलेला एक बारीक पिळाचा खांब होता. सगळी वळणं त्याला धरून फिरली होती.  आप्पा चष्मा लावून खाली वाकले. “हा तर शाफ्ट आहे,” ते म्हणाले. मग स्वतःशीच, “सगळा भार ह्याच्यावर...” नलूची आई भात वाढायला आली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि भाताचं पातेलं घेऊन परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी नलूने त्यातलं एक अर्धुक मंघूमलकाकांच्या हातात दिलं. त्यांनी बोट आतून फिरवलं आणि छावणीत आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं. “देखो बेटी,” ते म्हणाले, “हम दोनों ने घर बाहर से देखा.” तोवर ते तिला बाईच म्हणत होते.

साहेबांकडे पुन्हा जायचं होतं. या वेळी आप्पा आमच्याबरोबर आले. टाय बांधून, कापलेला शंख खिशात घेऊन. तासभर ते साहेबांना भार म्हणजे काय ते समजावत होते आणि नलू बाजूला बसून कौतुकाने आपल्या वडिलांकडे बघत होती. साहेबांनी एक संधी दिली: बांधा, पण मी स्वतः आत जाऊन बघेपर्यंत एकही मूल आत जाता कामा नये.

नवा शंख बांधायला जास्त वेळ लागला. मध्ये विटांचा जाड खांब, त्याला टेकून चढत गेलेली वळणं. छतात आणि भिंतीत हिरव्या-तपकिरी बाटल्यांची बुडं बसवलेली. त्यांतून ऊन आत पडलं की पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. दार नलूने मुद्दाम मुलांच्या उंचीचं ठेवलं. आप्पा दर रविवारी भिंतीचा सरळपणा बघायला ओळंबा घेऊन यायचे आणि काकांशी इंग्रजी-हिंदी-सिंधीच्या खिचडीत वाद घालायचे. पाहुण्यांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तपासणीच्या दिवशी सगळी बराक मैदानावर जमली होती. साहेब आले, शंखाभोवती एक फेरी मारली, भिंतीवर काठी आपटून पाहिली आणि दाराशी येऊन थांबले. दार त्यांच्या कमरेइतकंच होतं. “आत कसं जायचं?” त्यांनी विचारलं.

“रांगत,” नलू म्हणाली.

मला वाटलं, संपलं. पण साहेबांनी कोट काढून शिपायाकडे दिला, टोपी दिली आणि गुडघ्यांवर बसून ते आत गेले. आम्हाला त्यांच्या बुटांचे तळवे दिसले, मग तेही वळणाआड गेले. बराच वेळ काही नाही. शाळेचे हेडमास्तर घाम पुसत होते. इतक्यात काकांनी सिंधीत काहीतरी हाळी दिली आणि बराकीतले सगळे तगडे बाप, काका, मामा शंखाच्या पाठीवरून वर चढले आणि छतावर दाटीवाटीने मांडी घालून बसले. सगळ्यांत वर स्वतः मंघूमलकाका. कुणी आधी ठरवलं होतं का, मला आजही ठाऊक नाही. नलूचा चेहरा पाहिला तर तिला नक्कीच ठाऊक नव्हतं.

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती. त्यांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या नजरा कुठे आहेत ते पाहून वर. तिथे ती सगळी माणसं त्यांच्याकडे बघत शांत बसली होती. साहेबांनी गुडघे झटकले. मग म्हणाले, “मी आत असताना हे सगळे वर होते?” नलूने मान डोलावली. साहेब हसू दाबत होते हे मी स्पष्ट पाहिलं. त्यांनी कोट घातला आणि शिपायाला सांगितलं, “गोदामासाठी दुसरी जागा बघा. ही मुलांची.”

त्यानंतर काय झालं ते लिहून सांगता येणार नाही, पण प्रयत्न करते. रुकी सगळ्यांच्या पुढे होती. ती दारात थांबली, वळून नलूकडे पाहिलं आणि आत गेली. तिच्यामागून एकेक करत सगळी मुलं आत गेली. शंखाचं एक गुपित होतं, जे बांधणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. आत खांबाजवळ हलक्या आवाजात बोललेलं भिंतीवरून फिरत फिरत दारात ऐकू यायचं. आम्ही बाहेर उभ्या होतो आणि आतून रुकीचा आवाज येत होता. पहिल्या वळणावर नदी आहे... दुसऱ्या वळणावर बाजार आहे... आणि मग एकदम सगळ्यांचा मिळून आवाज. ओरडणं, हसणं, हाका. इतक्या दिवसांचा साठलेला आवाज त्या दारातून बाहेर पडत होता. वरून उतरलेले बाप दाराशी उकिडवे बसून तो ऐकत होते. आप्पा माझ्या शेजारी उभे होते. चष्मा पुसत ते मला म्हणाले, “शांताबाई, इतकी वर्षं मी फक्त मशीनचीच ड्रॉइंग पाहिली.”

पुढची दोन-तीन वर्षं आम्ही मजेत काढली. ड्रम एकापुढे एक जोडून सुरवंट झाला, रिळांची सूर्यफुलं झाली, तुळईचा चतुर झाला. त्याच्या एका पंखावर एक मूल बसलं की दुसऱ्या पंखावरचं वर जायचं. काकांनी जाळीदार पानांच्या छपराखाली हिंदोरो टांगला, आणि त्यावर दुपारी आयाच जास्त बसायच्या. लोक बघायला येऊ लागले. अंबरनाथच्या कामगार वसाहतीने बोलावलं, बदलापूरच्या शाळेने बोलावलं, मग पुण्याहून, नागपूरहून बोलावणी आली. पन्नासचं दशक संपता संपता नलूने शाळा सोडली आणि हेच काम धरलं. काका शेवटपर्यंत तिच्याबरोबर बांधत राहिले आणि त्यांच्यानंतर रुकीने इमारत बांधायचं शिक्षण घेऊन त्यांची जागा घेतली. छावणीचं शहर झालं, मैदानावर इमारती आल्या, शंख गेला. मला फार वाईट वाटलं होतं. नलू म्हणाली, “तोवर त्यात किती पोरं जाऊन आली, ते बघ ना.”

परवा रुकी आणि मी नलूच्या बेलवलीच्या घरी गेलो होतो. तिची भाची घर आवरायला आली आहे, तिने आम्हाला बोलावलं होतं. चित्रांची खोली तशीच होती. खिडकीखाली तिरकं टेबल, त्यावर टाचण्यांनी लावलेला मोठा कागद. मला वाटलं, त्यावर निदान अर्धं तरी काम असेल. पण कागदाच्या खालच्या कोपऱ्यात फक्त एक लहान मुलगी होती, पेन्सिलीने काढलेली. टाचा उचलून, एक हात वर करून कशाला तरी पोचू बघणारी. बाकी सगळा कागद कोरा. भाची म्हणाली, “मावशीने सुरुवातच केली होती वाटतं.” रुकी म्हणाली, “नाही, टीचर नेहमी असंच करायच्या. आधी मूल काढायचं. मग त्याच्याभोवती बाकीचं.”

कागद काढून गुंडाळून ठेवावा, म्हणून मी टाचणीला हात घातला. रुकीने माझा हात धरला. तिने चष्मा लावला, पट्टी घेतली, त्या मुलीच्या टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं आणि नलूची खुर्ची ओढून टेबलाशी बसली.